कठीण लाकडाची आयात : भारत आणि चीन यांचा ताळेबंद

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवर गेल्या काही दशकांत लाकडाच्या वापरात दोन ठळक बदल झाले. मालवण, देवगड आणि वेंगुर्ल्याच्या बंदरांतील लाकडी होड्यांची जागा बव्हंशी फायबरच्या होड्यांनी घेतली. दुसरीकडे, नव्या घरांच्या चौकटी आणि दारे यांसाठी परसातील फणस किंवा रानातील किंजळ वापरण्याऐवजी वखारीतून परदेशी लाकूड आणण्याची रीत पडली. वखारीत हे लाकूड झाडाच्या नावापेक्षा देशाच्या नावाने अधिक ओळखले जाते. ‘बर्मा टीक’, ‘घाना टीक’, ‘मलेशियन साल’ ही नावे आता सुतारांच्या आणि घरमालकांच्या बोलण्यात रुळली आहेत.

हे लाकूड येथवर कसे पोहोचले, याचे उत्तर भारत आणि चीन या दोन देशांच्या आयातीच्या आकड्यांत सापडते. दोघांनी दोन वर्षांच्या अंतराने आपापल्या जंगलांतील तोडीला लगाम घातला आणि आपली गरज इतरांच्या अरण्यांतून भागविण्यास सुरुवात केली. मात्र आयातीचे मूल्य पैशांत मोजले जाते, झाडांत नाही. ते आकडे सरळ शेजारी मांडले तर कोणत्या देशाने किती जंगल खरेदी केले याचा अंदाज हमखास चुकतो. हे आकडे कसे वाचावेत आणि त्यांचा सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानाशी काय संबंध आहे, याचा हा आढावा.

परमुलखीच्या लाकडाचे जुने धोरण

कोकणाला लाकडाच्या आयातीचा विचार नवा नाही. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम १६६४ मध्ये सुरू झाले आणि त्याच सुमारास मराठ्यांचे आरमार आकाराला येत होते. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे पुढे जहाजांची गोदी उभी राहिली. होडीच्या तळाचा कणा म्हणजे ‘पठाण’, तिच्या फासळ्या, फळ्या आणि डोलकाठी या प्रत्येक भागासाठी वेगळ्या गुणाचे लाकूड लागते. खाऱ्या पाण्यात टिकणारा साग पहिल्या पसंतीचा होता. किनाऱ्यावर वाढणाऱ्या उंडीचाही होड्यांसाठी उपयोग होत असे.

रामचंद्रपंत अमात्य यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी स्पष्ट धोरण आढळते. राज्यातील अरण्यांत असलेले सागवानासारखे वृक्ष हुजुराची परवानगी घेऊन तोडावेत आणि त्याहून अधिक जे लागेल ते परमुलखातून विकत आणावे, असा त्याचा आशय आहे. आंबा आणि फणस यांचे लाकूड आरमाराच्या उपयोगाचे असले तरी त्यांना हात लावू देऊ नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी जोपासलेली असतात, असे कारण तेथे दिले आहे. एखादे झाड जीर्ण झालेले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, मगच ते तोडावे अशी मुभा आहे.

तीनशे वर्षांपूर्वीच्या या आज्ञेत आजच्या वादाचे तिन्ही घटक आहेत. स्वतःच्या जंगलातील तोडीवर नियंत्रण, उरलेल्या गरजेसाठी आयात आणि खासगी मालकीच्या झाडांचे संरक्षण. परमुलखातील झाडांचे काय होईल, हा चौथा प्रश्न त्या काळी उद्भवला नव्हता.

मोजणीचा वाद आणि एका राजाची पदच्युती

ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या गोदीतील जहाजांसाठी प्रामुख्याने मलबारचा साग वापरला जाई. लवजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने बांधलेल्या सागवानी जहाजांची ख्याती इंग्लंडपर्यंत गेली. मुंबईत १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेले आहे. मलबारच्या जंगलांवर ताण पडू लागला तेव्हा व्यापाऱ्यांची नजर ब्रह्मदेशाकडे वळली. मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झालेली ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही कंपनी याच व्यापारातील.

या कंपनीने जितके ओंडके दाखविले त्याच्या दुपटीहून अधिक बाहेर नेले आणि स्वामित्वशुल्क बुडविले, असा ठपका ठेवून ब्रह्मदेशाच्या राजदरबाराने १८८५ मध्ये तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. ओंडक्यांच्या मोजणीचा हा वाद तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे निमित्त ठरला. राजा थिबा पदच्युत झाला आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवण्यात आले. तेथेच डिसेंबर १९१६ मध्ये त्याचे निधन झाले. त्या काळी मालवण, देवगड आणि वेंगुर्ले हे भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला.

आकडेवारीच्या अभ्यासकासाठी या इतिहासात आणखी एक धडा आहे. १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. त्यामुळे मौलमीन किंवा रंगूनहून मुंबईस आलेला साग परदेशी आयातीत धरला जात नसे. प्रांत वेगळा झाला आणि तोच साग, त्याच मार्गाने येऊनही, ‘आयात’ ठरला. सरहद्द बदलली की झाड न बदलताही आकडा बदलतो.

‘कठीण’ म्हणजे नेमके काय?

व्यापारी आकडेवारीतील ‘कठीण लाकूड’ या संज्ञेचा लाकडाच्या कठीणपणाशी थेट संबंध नसतो. रुंद पानांच्या सपुष्प वृक्षांचे लाकूड ते कठीण आणि पाइन, देवदार, स्प्रूस यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे ते मऊ, अशी ही वनस्पतिशास्त्रीय विभागणी आहे. साग, ऐन, किंजळ, शिसव, फणस, आंबा हे सर्व कठीण गटात मोडतात.

या व्याख्येची गंमत सावंतवाडीत उमगते. तेथील प्रसिद्ध लाकडी खेळणी आणि फळे परंपरेने पांगाऱ्याच्या लाकडापासून घडवली जात. हे लाकूड इतके हलके आणि मऊ असते की कारागिराच्या पटाशीला त्याचा विरोध जाणवत नाही. पण पांगारा रुंदपर्णी असल्यामुळे सीमाशुल्काच्या लेखी तो कठीणच ठरतो. रबराच्या झाडाचे लाकूडही याच गटात येते. म्हणून ‘कठीण लाकडाची आयात’ या एका ओळीत ब्रह्मदेशाचा जुना साग आणि थायलंडचे रबराचे लाकूड शेजारी बसतात. दोहोंच्या भावांत मात्र अनेक पटींचे अंतर असते.

जगभरच्या सीमाशुल्क खात्यांनी स्वीकारलेल्या वर्गीकरणात ४४०३ हा क्रमांक ओंडक्यांचा आणि ४४०७ हा सहा मिलिमीटरपेक्षा जाड कापीव लाकडाचा आहे. सागवानाला या जागतिक वर्गीकरणात स्वतंत्र ओळ मिळाली ती २०२२ च्या सुधारणेत. त्याआधीच्या वर्षांत देशादेशांतील सागवानाच्या व्यापाराची तुलना करताना अंदाजाचा आधार घ्यावा लागतो तो यामुळे.

दोन बंद्या, दोन वर्षांचे अंतर

भारताच्या १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांना सवलतीच्या दरात वनोपज देण्याची प्रथा थांबवावी आणि लाकडाची आयात सुलभ करावी, अशी दिशा आखून दिली होती. निर्णायक वळण आले ते १२ डिसेंबर १९९६ रोजी. टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या मंजुरीची कार्य आयोजना नसलेल्या वनांतील वृक्षतोड थांबविली. ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशाप्रमाणे, मालकी कोणाचीही असली तरी, घ्यावा असे न्यायालयाने सांगितले. ईशान्येकडील राज्यांतील लाकूड कापण्याच्या अनेक गिरण्या या आदेशाने बंद पडल्या.

चीनमध्ये हेच काम पुराने केले. यांगत्से नदीच्या खोऱ्यात १९९८ च्या उन्हाळ्यात भीषण पूर आला. वरच्या खोऱ्यातील बेसुमार वृक्षतोड हे त्याचे एक कारण मानले गेले. त्याच वर्षी नैसर्गिक वनांच्या संरक्षणाची योजना सुरू झाली आणि नैऋत्य चीनमधील तोड थांबली. नैसर्गिक वनांतील व्यापारी तोडीवरची बंदी २०१७ पर्यंत देशभर लागू झाली.

पुढचे पाऊल मात्र दोन्ही देशांनी वेगवेगळे टाकले. चीनने १९९९ मध्ये ओंडके आणि कापीव लाकूड या दोहोंवरील आयातशुल्क शून्यावर आणले. भारताने ओंडक्यांवर कमी आणि कापीव लाकडावर अधिक शुल्क ठेवले. अलीकडच्या वर्षांत हे दर अनुक्रमे ५ आणि १० टक्के राहिले आहेत. लाकूड येथे येऊन कापले जावे, गिरण्यांना काम मिळावे, हा त्यामागील हेतू. गुजरातमधील कांडला बंदराच्या आधाराने गांधीधाम परिसरात लाकूड कापण्याच्या गिरण्यांचे जे मोठे केंद्र वाढले, त्यामागे हे शुल्कधोरणही आहे.

आयातीचे चढउतार

चीनची ओंडक्यांची आयात १९९७ मध्ये सुमारे ४५ लाख घनमीटर होती. २००० मध्ये ती १ कोटी ३६ लाखांच्या आसपास, तर २००५ मध्ये जवळपास २ कोटी ९४ लाख घनमीटरवर गेली. २०१८ मध्ये हा आकडा ६ कोटींच्या घरात होता आणि ओंडके व कापीव लाकूड यांचे एकत्रित आयातमूल्य २० अब्ज डॉलरच्या पुढे गेले होते. त्यानंतर बांधकाम व्यवसायातील मंदीने गणित बदलले. २०२३ मध्ये ओंडक्यांची आयात सुमारे ३ कोटी ८० लाख घनमीटरपर्यंत उतरली.

भारताचा आकार याहून बराच लहान. २०१३ च्या सुमारास भारतात दरवर्षी ६० लाख घनमीटरच्या आसपास ओंडके येत होते आणि त्यांचे मूल्य सुमारे दोन अब्ज डॉलर होते. त्याच वर्षी चीनने साडेचार कोटी घनमीटर ओंडक्यांसाठी नऊ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजली. म्हणजे घनफळात भारत चीनच्या सातव्या हिश्शाच्या आसपास, पण मूल्यात चौथ्या ते पाचव्या हिश्शाइतका. चीनला एक घनमीटर सरासरी दोनशे डॉलरच्या थोडे पुढे पडत होता, भारताला तीनशेच्या घरात.

यावरून भारतीय व्यापारी महाग खरेदी करतात असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. चीनच्या ओंडक्यांपैकी सुमारे पाऊण भाग रशिया, न्यूझीलंड, अमेरिका आदी देशांतील सूचिपर्णी लाकडाचा होता. भारताच्या आयातीत ब्रह्मदेशचा म्हणजे आजच्या म्यानमारचा साग आणि गर्जन, तसेच मलेशियाच्या सारावाक प्रांतातील मेरांटी यांसारखे कठीण लाकूड मोठ्या प्रमाणात होते. कठीण लाकूड तेवढे वेगळे काढले की सरासरी भावातील हा फरक बराचसा मिटतो.

आयातीच्या हेतूतही भेद आहे. चीनने आणलेल्या लाकडाचा मोठा वाटा फर्निचर, प्लायवूड आणि जमिनीच्या फळ्या या रूपांत पुन्हा परदेशी गेला. भारताने आणलेले लाकूड प्रामुख्याने येथल्याच चौकटी, दारे, खिडक्या आणि प्लायवूडमध्ये मुरले. साहजिकच परदेशी ग्राहकाची नड चीनच्या आकड्यात लगेच उमटते, तर भारताचा आकडा देशातील घरबांधणीमागे चालतो.

पुरवठादार देशांनी आपली दारे बंद केली तेव्हा दोन्ही देशांची वाट कशी वळली, हे पाहण्यासारखे आहे. आफ्रिकेतील गॅबनने २०१० मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबविली. तेव्हा अनेक भारतीय आणि चिनी कंपन्यांनी तेथल्या न्कोक औद्योगिक क्षेत्रातच कारखाने उभारले. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. याचा फटका भारताला अधिक बसला, कारण सागवानाचा जगातील सर्वांत मोठा ग्राहक भारतच आहे. त्यानंतर इक्वेडोर, कोस्टा रिका, पनामा, घाना, बेनिन, टांझानिया अशा देशांतील लागवडीच्या सागाची आवक वाढली. हा साग कमी वयाचा, कमी घेराचा आणि नैसर्गिक जंगलातील जुन्या सागापेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. त्यामुळे आयातीचे मूल्य उतरले तरी झाडांची संख्या उतरली असे म्हणता येत नाही. लहान घेराच्या झाडांतून तितकेच घनफळ मिळवायचे तर झाडे अधिक लागतात.

आकडे वाचताना घ्यायची काळजी

दोन देशांची आयात काळाच्या ओघात ताडून पाहायची असेल तर पुढील बाबी ध्यानात ठेवाव्या लागतात.

१. चलन : समजा एक घनमीटर लाकडाचा भाव २००० मध्ये ४०० डॉलर होता आणि २०२३ मध्येही तेवढाच राहिला. पहिल्या वर्षी डॉलर सुमारे ४५ रुपये होता, म्हणून किंमत १८ हजार रुपये. दुसऱ्या वर्षी डॉलर सुमारे साडेब्याऐंशी रुपये, म्हणून तेच लाकूड ३३ हजार रुपयांचे. रुपयांतील आलेख चढता दिसतो, पण लाकूड तसूभरही वाढलेले नसते. चीनचे युआन याच काळात डॉलरच्या तुलनेत काहीसे बळकट झाले. म्हणून तुलना एकाच चलनात आणि शक्यतो महागाई वजा करून करावी.

२. वर्ष : चीनची आकडेवारी जानेवारी ते डिसेंबरची असते. भारताची सरकारी आकडेवारी, जी कोलकात्यातील वाणिज्यिक माहिती महासंचालनालय संकलित करते, सहसा एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षाप्रमाणे मांडली जाते. म्यानमारच्या बंदीसारखी घटना १ एप्रिलला घडली तर दोन्ही आलेखांत ती वेगळ्या जागी दिसते.

३. रूप : ओंडका कापला की भुसा, साल आणि तुकडे जाऊन ढोबळमानाने निम्मे लाकूड हाती येते. एक घनमीटर कापीव लाकूड म्हणजे सुमारे दोन घनमीटर ओंडके. जो देश ओंडक्यांकडून कापीव लाकडाकडे वळतो त्याचे आयातीचे घनफळ घटते, पण जंगलावरचा भार तसाच राहतो.

४. माप : सागवानाच्या व्यापारात ‘हॉपस’ हे जुने माप रूढ आहे. ओंडक्याच्या घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. आठ फूट घेराचा आणि वीस फूट लांबीचा ओंडका या मापाने ८० घनफूट भरतो. त्याचे खरे घनफळ मात्र सुमारे १०२ घनफूट असते. कापताना होणारी घट ग्राहकाच्या अंगावर येऊ नये म्हणून ही सवलत चालत आली. पण एका देशाने हॉपस मापाने आणि दुसऱ्याने घनमीटरने नोंद केली तर पाचव्या हिश्शाहून अधिक लाकूड कागदावरून नाहीसे होते.

५. दोन वह्या : आयातीच्या मूल्यात वाहतूक आणि विमा धरला जातो, निर्यातीच्या मूल्यात बहुधा नाही. त्यामुळे विकणाऱ्या आणि घेणाऱ्या देशांचे आकडे थोडे वेगळे असणारच. परंतु घनफळातही मोठी तफावत पडली तर ती संशयाची जागा असते. म्यानमारच्या काचिन प्रांतातून चीनच्या युनानमध्ये खुष्कीच्या मार्गाने जाणाऱ्या लाकडाबाबत अशी तफावत उघड झाली. जागतिक टीकेनंतर चीनने २००६ मध्ये त्या सरहद्दीवरील लाकडाच्या व्यापारावर निर्बंध आणले. मंडालेच्या दरबारात १८८५ मध्ये उपस्थित झालेला प्रश्न अशा रीतीने सव्वाशे वर्षांनंतरही कायम होता.

या तक्त्यात कायद्याची बाजूही विचारात घ्यावी लागते. अमेरिकेने २००८ मध्ये आणि युरोपीय संघाने २०१३ पासून बेकायदा तोडलेल्या लाकडाच्या आयातीवर बंदी अमलात आणली. चीनने २०२० पासून लागू झालेल्या सुधारित वन कायद्यात बेकायदा लाकूड जाणूनबुजून खरेदी करण्यास मनाई केली. म्यानमारमधील २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी तेथील सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध लादले. भारत आणि चीन यांनी तसे निर्बंध लादले नाहीत. भारतात बंदरावर उतरणाऱ्या लाकडाची कीड-रोगांच्या दृष्टीने तपासणी आणि धुरीकरण सक्तीचे आहे. ते लाकूड मुळात कोणत्या हक्काने तोडले गेले, हे विचारणारा तसा स्वतंत्र कायदा मात्र नाही.

सिंधुदुर्गाच्या रानाशी संबंध

आता हा सारा हिशेब पुन्हा कोकणात आणून पाहता येईल. राज्यातील अन्य वनजिल्ह्यांत जंगल प्रामुख्याने सरकारी मालकीचे असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात ते बव्हंशी खासगी आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, फणस आणि आंबा यांनी भरलेले डोंगरउतार कोणा ना कोणा कुटुंबाच्या सात-बारावर असतात आणि अनेकदा त्यावर मुंबईत राहणाऱ्या हिस्सेदारांची नावेही असतात. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, जांभूळ, हिरडा, खैर आदी झाडांचा समावेश आहे आणि ती तोडण्यास परवानगी लागते. तथापि परवानगीचा कायदा झाडाची किंमत ठरवीत नाही. ती किंमत बाजार ठरवितो आणि त्या बाजाराचा एक काटा कांडल्याच्या धक्क्यावर असतो.

परदेशी लाकूड मुबलक आणि स्वस्त असेल तर गावच्या किंजळीला चौकटीसाठी गिऱ्हाईक कमी मिळते. वरवर पाहता हे रानाच्या पथ्यावर पडते. पण उभ्या झाडाला मोल उरले नाही की मालकाला ती जमीन मोकळी करून काजू, आंबा किंवा रबर लावणे अधिक परवडते आणि तोडलेले लाकूड जळाऊ म्हणून निघून जाते. दोडामार्ग तालुक्यात नैसर्गिक जंगल हटवून रबराच्या बागा झाल्या, त्या मागे असेच अर्थकारण आहे. उलट, परदेशाने निर्यात बंद केली आणि आयात महागली की गावच्या मोठ्या झाडांचा भाव वधारतो आणि व्यापारी दारात येतात. अशा प्रकारे दोन्ही परिस्थितींत कुऱ्हाडीला निमित्त मिळते.

सावंतवाडी आणि दोडामार्ग यांच्या दरम्यानचा पट्टा गोवा व कर्नाटकातील अभयारण्यांना कोयना आणि राधानगरीच्या वनांशी जोडणारा वन्यजीवांचा मार्ग आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये या भागातील वृक्षतोडीवर बंदी घातली. २०२० मध्ये तिलारी परिसरातील २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या मार्गातील २५ गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित करण्याची प्रक्रिया चार महिन्यांत पूर्ण करण्याचे निर्देश केंद्राला दिले. बंदीच्या काळातही तोड चालू राहिल्याच्या तक्रारींची दखल घेऊन देखरेखीची यंत्रणा उभारण्यासही न्यायालयाने सांगितले.

बंदी असलेल्या पट्ट्यातील मालकाची अडचणही खरी आहे. आजोबांनी राखलेल्या रानातून त्याला उत्पन्न मिळत नाही आणि राखल्याबद्दल मोबदलाही नाही. शहरातला घरमालक मात्र पनामाच्या किंवा घानाच्या सागाची चौकट बसवून मोकळा होतो. आज्ञापत्राने जीर्ण झाड तोडतानाही धन्याला राजी करावे आणि मोल द्यावे असे म्हटले होते. आजच्या संरक्षणाच्या नियमांत परवानगी आणि दंड यांची तरतूद आहे, मोलाची बाजू मात्र लंगडी आहे.

भारत आणि चीन यांच्या ताळेबंदातून शेवटी एक साधी गोष्ट हाती लागते. देशाने आपली तोड थांबविली म्हणून लाकडाची गरज थांबली नाही. ती सारावाक, गॅबन आणि म्यानमारच्या अरण्यांकडे सरकली, तेथे दार बंद झाल्यावर लागवडीच्या सागाकडे वळली आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर तिचा दाब घरच्या रानावरही पडत राहिला. शेतांच्या बांधांवर आणि पडीक वरकस जमिनींवर साग, किंजळ, फणस यांची लागवड करून ती विकण्याची सोपी वाट शेतकऱ्याला मिळाली आणि नैसर्गिक रान राखणाऱ्यास त्याचे मोल मिळाले, तरच आयातीचा आकडा कमी होणे हे जंगलाच्या हिताचे लक्षण मानता येईल. तोवर वखारीतील पावतीवर लिहिलेली किंमत ही लाकडाची अर्धीच किंमत समजावी. उरलेली अर्धी कोणत्या तरी रानाने भरलेली असते.